पाठीवर पडून पाहिलेली लीग

आधीच सांगून ठेवते. ज्यांना फुटबॉल कळतो त्यांच्या कामाचं यात फारसं काही नाही, आणि डॉक्टरांच्या कामाचं तर त्याहून नाही. हे त्यांच्यासाठी आहे, ज्यांना कोणीतरी नुकतंच सांगितलंय की आता काही महिने उताणं पडून राहा. मी पडले होते तेव्हा, यातून उठलेल्या एखाद्या बाईनं काहीतरी लिहिलेलं वाचायला मिळावं असं फार वाटायचं. मिळालं नाही. म्हणून मीच लिहायला घेतलं. लिहिण्याचा माझा सराव म्हणाल तर पाटबंधारे खात्यातल्या टिपण्यांचा. 'मान्यतेस्तव सादर' याच्या पलीकडे माझी लेखणी कधी गेलेली नाही. सांभाळून घ्या.

खापर

माझी पाठ दुखायला लागली तेव्हा प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. कुणी गादीवर खापर फोडलं, कुणी स्कूटरवर, कुणी ऑफिसच्या खुर्चीवर. माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या बाईंनी उमरखेडकडचा एक मालिशवाला सुचवला. 'नस चढली आहे' म्हणाला आणि त्यानं ती उतरवली. ती दुसऱ्या बाजूनं चढली.

संध्याकाळी अंगात कसकस असायची, पण ती मी यवतमाळच्या उन्हाच्या खात्यात टाकली. वजन उतरत होतं, त्याचा तर आनंदच झाला. भिशीतल्या बाया विचारायच्या, "काय करून राह्यली वं सुलभा? केवढी बारीक झाली!" मी मान वेळावून म्हणायची, "काही नाही गं, रात्रीचं जेवण कमी केलं." रोगाचं श्रेय मी स्वतः घेत होते.

तेव्हा हा लेख इथेच सोडून देणाऱ्यांसाठी एक वाक्य: पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि फुकटचा बारीकपणा आला, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

दोन बातम्या

तपासायला शेवटी नागपूरला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि सर. सर म्हणजे माझे यजमान. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. गावभर त्यांना सर म्हणतात, म्हणून घरात मीही म्हणते. वेगळं नाव ठेवायला त्यांनी कधी कारण दिलं नाही.

डॉक्टर तरुण होते. फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे."

"पण मला खोकला नाही," मी म्हणाले. एखाद्या अर्जाला कागद कमी जोडलेत म्हणून मी तो परत करते ना, त्या आवाजात.

"टीबीला खोकला लागतोच असं नाही, काकू. पायातली ताकद गेलेली नाही, हे चांगलं आहे. ती जाऊ द्यायची नाही. फळीवर उताणं पडून राहायचं. दोन-तीन महिने धरून चाला. गोळ्या मात्र त्याच्या पुष्कळ पुढपर्यंत."

फुप्फुसं स्वच्छ होती, माझ्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नव्हती. तरी त्या खोलीतून बाहेर येताना मी पदर तोंडाला लावला. का लावला, मला माहीत नाही. तो शब्दच तसा आहे.

परतीच्या वाटेवर कळंबला चहाला थांबलो. सर उतरले, मी गाडीत मागच्या सीटवर आडवी. तेवढ्यात मयूरीचा फोन.

मयूरी आमची एकुलती एक. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली पोरं सुटी झाल्यावर बाजूच्या मोकळ्या मैदानात फुटबॉल खेळायची, त्यांच्यात घुसून ही शिकली. डाव्या बाजूची बचावपटू. राज्याकडून खेळून झालं, चाचण्यांमागून चाचण्या देऊन झाल्या, प्रत्येक ठिकाणाहून 'कळवतो' ऐकून झालं. आणि आता ती ओरडत होती, "आई! घेतलं! मले घेतलं!" दूर दक्षिणेतल्या एका क्लबनं तिला महिलांच्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगसाठी करारावर घेतलं होतं. करार एका मोसमाचा. नीट खेळली तर पुढचा. अर्ध्यात सोडलं, तर पुन्हा कोणी विचारणार नाही.

"आई, रडून राह्यली का तू?"

"आनंदानं गं," मी म्हणाले. अर्धं खरं होतं.

सर चहा घेऊन आले. मी सांगितलं, लीग संपेपर्यंत तिला यातलं काही कळवायचं नाही. सर म्हणाले, "हे बरोबर नाही." मग विचारलं, "लीग किती दिवस चालते?"

"दोन-तीन महिने म्हणते."

"डॉक्टरही तेवढेच म्हणाले."

एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आणि एक वरिष्ठ लिपिक. दोघांनी मिळून कळंबच्या टपरीसमोर असा हिशेब केला, की दोन्ही गोष्टी एकदमच संपतील आणि पोरीला काही कळणार नाही.

फळी

दिवाणावरची गादी काढून प्लायवूड टाकलं, त्यावर पातळ सतरंजी. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा, कासवाचं कवच पोटाकडून घातल्यासारखा. खाज सुटली की उलथन्याचं दांडकं आत घालायचं. कुशीवर वळायचं तर अंग ओंडक्यासारखं एका झटक्यात वळलं पाहिजे. त्याला दोन माणसं लागतात, एक खांद्याला, एक कमरेला. आणि दिवाणाखाली भांडं. त्याबद्दल एवढंच सांगते, की लाज ही गोष्ट पहिल्या आठवड्यात संपते आणि त्यानंतर फार सोयीचं होतं.

पहाटे उपाशीपोटी गोळ्या. मग मळमळ. मग आरोग्य केंद्रातल्या ताईंचा फोन, "काकू, घेतल्या का?" पुढेपुढे मला त्या फोनची वाट पाहावीशी वाटायची. दिवसभरात माझं उत्तर बरोबर येईल असा तो एकच प्रश्न होता.

बाकी दिवस म्हणजे छत. आणि भेटायला येणारे. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य असतं, आणि जाताना बिस्किटाचा पुडा व एक मेलेलं माणूस घेऊन जावं लागतं. "माह्या साळ्याच्या मावसभावाले हेच झालतं," असं एक शेजारी म्हणाले.

"मग?"

"मग काय. गेला." पुडा ठेवून तेही गेले.

मंदाताई

सर वरणभातापलीकडे जाऊ शकत नाहीत हे कळायला घाटंजीला वेळ लागला नाही. घाटंजीला माझ्या मोठ्या नणंदबाई असतात, मंदाताई. घरची शेती, कापूस आणि तूर. एके सकाळी त्या एसटीनं तुरीच्या डाळीची पिशवी आणि स्वतःचा पाट घेऊन हजर झाल्या. आमच्या घरातला पाट त्यांना उंच पडतो.

मला त्यांनी वरून खालपर्यंत पाहिलं, भांडं उचललं, धुऊन आणलं, आणि मग विचारलं, "पोरगी कुठं हाय?"

"खेळायला गेली ताई. लीग आहे."

"माय इथं फळीवर, आन् पोरगी चेंडू खेळून राह्यली?"

"तिला सांगितलंच नाही आम्ही."

"काहून? पोरीनं नाही करा तं कोणं करा?"

मला राग आला. "ताई, मुलगा असता तर त्याला बोलवा म्हटलं असतं का?"

मंदाताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "पोरगा असता तं त्याची बायको असती ना कराले!"

याला उत्तर असेल तर मला कळवा.

रोज हेच. अंग पुसताना, केस विंचरताना, पेज भरवताना. "बोलव पोरीले." मी वाद तरी कसा घालणार? बोलता-बोलता त्यांच्या एका हातात माझं डोकं असायचं आणि दुसऱ्या हातात भांडं. आणि सांगते, त्यांच्याइतक्या मायेनं माझं कुणीच केलं नाही, माझ्या आईनंही केलं नसतं. त्यामुळे चिडचिड दुप्पट व्हायची. जिच्यावर चिडायचं तिचे उपकार मोजत पडायचं.

एक दिवस त्या सरांना फोन लावून किंचाळल्या. "अरे बाळू! रक्त! इचं सारं रक्त चाललं!" बाळू म्हणजे सर, ते वर्गातून तसेच पळत आले. भांड्यात केशरी पाणी होतं. गोळ्यांनी लघवी केशरी होते, ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही घरात सांगायला विसरलो. तुमच्या घरात आधी सांगून ठेवा. नाहीतर तुमच्याही नणंदबाई उंबऱ्यावर बसून नवस बोलतील आणि तो फेडायला तुम्हालाच चालत जावं लागेल.

पुढच्या आठवड्यात

इकडे लीग सुरूच होईना. मयूचा फोन यायचा, "आई, पुढच्या आठवड्यात." मग परत, "आई, थोडी पुढं ढकलली." कधी मैदान ठरेना, कधी वेळापत्रक, कधी काय ते त्या पोरींनाही कुणी सांगेना. सकाळ-संध्याकाळ सराव करायचा आणि वाट पाहायची. ती तिकडे वसतिगृहात बसून वैतागत होती, मी इकडे पडून.

महिन्यानं नागपूरचे डॉक्टर माझी नवी फिल्म पाहून म्हणाले, "सुधारतंय. पण बसायचं अजून थोडं पुढं ढकलू."

सरांनी घरी आल्यावर कळंबचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला. जुळला नाही.

सगळ्यात मोठी अडचण होती व्हिडिओ कॉल. मयूला रोज तोंड पाहायला लागतं. सरांनी त्यावर एक योजना काढली. भिंतीच्या रंगाची चादर शोधून माझ्या डोक्याखाली पसरली. केस घट्ट बांधले. मंगळसूत्र गळ्याकडे घरंगळू नये म्हणून गाऊनला पिन लावून अडकवलं. मग ते दिवाणाशेजारी खुर्चीवर उभे राहिले आणि फोन माझ्या तोंडावर बरोब्बर आडवा धरला. पलीकडून दिसायचं, की मी भिंतीला टेकून बसले आहे.

"तिला वर काय अन् खाली काय ते कळायला काही साधनच नाही," सर खुर्चीवरून म्हणाले. एवढे खूश मी त्यांना नोकरी कायम झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मंदाताई दारातून म्हणाल्या, "खोटं बोलाले केवढं शिक्षण लागते पाय!"

सुरू झाली एकदाची

लीग सुरू झाली तेव्हा उन्हं तापली होती. पोरींचे सामने भर दुपारी ठेवलेले. मैदानात एकच कॅमेरा, तोही लांब कुठेतरी. गॅलरी रिकामी. समालोचकाला यवतमाळ म्हणता येत नव्हतं, पण तो दर वेळी नव्यानं प्रयत्न करायचा, एवढं त्याचं कौतुक.

मी उताणी, म्हणून मोबाईल डोळ्यांवर धरून पाहायचं. हात भरून आले की तो नाकावर पडायचा. कूलर चालू ठेवला तर ऐकू येत नव्हतं, बंद केला तर पट्ट्याच्या आत घामाच्या धारा. नेट अडकलं की सगळ्या पोरी जागच्या जागी पुतळे. आणि या सगळ्यातून पाहायचं काय, तर आमची मयू राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेली, तेही कॅमेरा चुकून तिकडे वळला तर.

तिचा संघ हरत होता. हरला, परत हरला, एक बरोबरी केली, परत हरला. मग त्यांची नेहमीची डावी बचावपटू जखमी झाली आणि मयूला उतरवलं. मला खेळातलं एवढंच समजतं की आमची उभी आहे तिकडून कोणी पुढे जाऊ नये. तिकडून कोणी गेलं नाही. मी फळीवर ओरडले आणि पाठीतून अशी कळ आली, की मध्यंतरापर्यंत मला कोण जिंकतंय ते कळत नव्हतं.

तळाच्या संघांना लीगमधून खाली, दुसऱ्या फळीत ढकलतात, हे मला तेव्हा कळलं. आमचा तळाशीच होता. म्हणजे प्रत्येक सामना जिवावरचा.

पाणी

आणि मग तो सामना. मयूनं गोलरक्षक पोरीकडे मागं चेंडू दिला, तो जरा हळू गेला. समोरची मधे घुसली आणि गोल. प्रशिक्षकांनी मयूला लगेच बाहेर बोलावलं. लांबच्या कॅमेऱ्यात ती चालत बाहेर येताना एवढीशी दिसत होती, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत.

संध्याकाळी तिचा कॉल आला. सर खुर्चीवर चढले, फोन धरला. ती बोलायच्या आधीच रडायला लागली.

"आई, मले नाही जमत. मी सोडून देतो हे सगळं. मी घरी येतो."

"अगं, एक चेंडू..." मी म्हणाले. "एका चेंडूनं काय होतं? माझ्या टिपण्या किती वेळा परत येतात. परत लिहायच्या." माझा आवाज ठणठणीत होता, शपथेवर सांगते. पण तिला रडताना पाहून डोळ्यांत पाणी आलंच, आणि ते वाहिलं.

मयू रडायची थांबली. फोनच्या अगदी जवळ आली.

"आई, तुह्या डोळ्यातलं पाणी कानात काहून गेलं?"

"घाम आहे," मी म्हणाले.

"घाम कानात कसा जाईन? तू बसली हायेस ना? मंग पाणी गालावरून खाली आलं पाहिजे." आणि मग आवाज बदलून, "बाबा, फोन मागं घ्या. आणखी मागं. पूर्ण दाखवा."

सरांनी फोन मागं घेतला. तिला फळी दिसली, पट्टा दिसला, भिंतीच्या रंगाची चादर, पिन लावलेलं मंगळसूत्र, आणि उशाशी फणी घेऊन बसलेली आत्या.

सर खुर्चीवरून हळूच खाली उतरले. आयुष्यभर पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवणारा माणूस. आम्ही केसांचा विचार केला होता, चादरीचा केला होता, मंगळसूत्राचा केला होता. पाण्याचा केला नव्हता.

रुसायला दोन माणसं

दोन सामन्यांच्या मधे थोडे दिवस होते. मयू न विचारता नागपूरहून एसटीनं येऊन दारात उभी राहिली. खांद्यावर बुटांची पिशवी. माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य, "मी क्लबला कळवून टाकतो. उरलेले सामने नाही खेळत."

मंदाताईंचा चेहरा उजळला. "पायलं? शेवटी पोरीची जात आईकडंच धाव घेते."

मी चिडले. एवढी, की इतक्या महिन्यांत आजारावरही चिडले नव्हते. मला काही मोठं बोलता आलं नाही. मी म्हणाले, "माझा मणका मोडायचा असेल तर मोडेल, पण त्याला टेकू म्हणून तुझी लीग लावायची नाही."

"मंग खोटं काहून बोलली? मी तिथं हसत-खिदळत होती अन् तू इथं..."

"म्हणूनच बोलले!"

"मले काही वाटत नसन का?"

तिचंही खरं होतं, आणि ते मला त्या वेळी अजिबात ऐकायचं नव्हतं. "मला भिंतीकडे वळवा," मी म्हणाले. "मला हिच्याशी बोलायचं नाही."

पण भिंतीकडे वळायला दोन माणसं लागतात. सर कॉलेजात. मंदाताईंनी खांदा धरला आणि म्हणाल्या, "ये वं मयू, कमर धर. तुह्या मायले तुह्यावर रुसायचं हाय." मयूनं कंबर धरली. दोघींनी मला ओंडक्यासारखं वळवलं, पाठीला उशी लावली, पांघरूण नीट केलं. मग मी रुसले. थोड्या वेळानं अंग अवघडलं. परत वळवायला हाक कशी मारणार, म्हणून तशीच रुसून राहिले.

पुढचे दिवस मयूनं माझं करायचा चंगच बांधला. गोळ्या नाश्त्यानंतर दिल्या. ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर तुकडे झाले. डाळ करपली, आणि करपलेली डाळ घाटंजीची, घरच्या शेतातली. भांडं नेताना दारात सांडलं. मंदाताई काही न बोलता तिच्यामागून एकेक गोष्ट परत करत होत्या, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे काय, ते ज्यानं अनुभवलं त्यालाच माहीत.

एका दुपारी मयू माझ्या दिवाणाशेजारी फरशीवरच झोपून गेली. मंदाताई तिच्या पायाशी बसल्या होत्या. मला छताशिवाय काही दिसत नव्हतं, पण तेलाचा वास आला.

"सुलभा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इच्या पायाची नखं पायली का तू?"

"मला कशी दिसणार ताई?"

"काळी पडली. दोन तं निघूनच गेली. बोटं तं कापूस येचणाऱ्या बायांच्या हाताले बोंडाचे काटे लागून लागून होते ना, तशी झाली." बराच वेळ त्या चोळत राहिल्या. "मले वाटे, थे खेळाले गेली."

उठल्यावर मयू चहा करायला निघाली, तेव्हा मंदाताईंनी तिला अडवलं. "जाय तू."

"कुठं?"

"जिथून आली तिथं. इथं राहिली तं मले दोन आजारी सांभाळा लागीन. डाळ करपवली, भांडं सांडवलं, मायले गोळ्या उलट्या देल्या. तुह्या हाताले काही येत नाही बाप्पा. पायाले येते ना? तं पायाचं काम कर. हाताचं मी पायतो."

"पण आत्या, तूच तं म्हणत होती..."

"म्हणत होती. तवा तुह्या हातची भाकर खाल्ली नव्हती."

मयू माझ्याकडे पाहायला लागली. मी छताकडे पाहत होते, दुसरीकडे पाहायची सोय नव्हती. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. बुटांच्या पिशवीत जवसाच्या चटणीचा डबा होता. मंदाताई तिला सोडायला बसस्टँडपर्यंत गेल्या, आणि परत आल्यावर तासभर करपलेली कढई घासत बसल्या. त्यानंतर त्यांनी 'बोलव पोरीले' म्हटलं नाही.

शेवटचा सामना

मोसम संपत आला तेव्हा डॉक्टरांनी मला बसायची परवानगी दिली. पट्टा बांधून, दिवसातून दोनदा, थोडा-थोडा वेळ. पहिल्यांदा बसले तेव्हा खोली गरगर फिरली आणि मी सरांच्या शर्टाची खिशाकडची शिवण उसवली. दुसऱ्यांदा शेजारची भिंत उभी दिसली. भिंत उभी असते हे मी विसरलेच होते.

मयूला हे सांगितलं नाही. का? माहीत नाही. लपवायची सवय लागली होती बहुतेक.

शेवटच्या सामन्याला बरोबरी झाली तरी मयूचा संघ लीगमध्ये टिकणार होता. सरांनी विचारलं, "बसून पाहतेस?" सकाळचं बसणं झालं होतं, एकच उरलं होतं. मी म्हणाले, नाही, पडूनच पाहते. उरलेलं बसणं मला नंतर हवं होतं.

कूलर बंद. मंदाताई त्यांचा पाट घेऊन माझ्या उशाशी. त्यांनी पहिल्यांदाच सामना पाहायला घेतला होता. "आपली कोणती?" "ती डावीकडची." "आन् थे पिवळी काहून ढकलून राह्यली तिले? पंच आंधळा हाय का?" मध्यंतराला एक-एक. उत्तरार्धात मयूनं गोलरेषेवरून एक चेंडू पायानं बाहेर काढला. मंदाताईंनी माझा खांदा असा दाबला की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर त्यांना घाटंजीला परत पाठवलं असतं.

अगदी शेवटी समोरच्या संघाच्या पोरी परत चढून आल्या. चेंडू आमच्या चौकटीत. आणि नेट अडकलं. सगळ्या पोरी पुतळे. मयू एका पायावर, दुसरा हवेत. सरांनी मोबाईल खिडकीशी नेला, दारात नेला, गच्चीच्या जिन्यावर नेला. मी फळीवरून ओरडत होते, "अहो, इकडे आणा ना!" जसं काही माझ्याकडे आणल्यानं चेंडू बाहेर जाणार होता.

चित्र परत आलं तेव्हा शिट्टी झालेली होती. दोन-एक. हरलो. पोरी गवतावर बसल्या होत्या. एवढे महिने वाट पाहिली, आणि जो क्षण पाहायचा तो पुतळ्यांचा. मी मोबाईल फेकला असता, पण दुसरा नव्हता.

"इची चुकी होती का?" मंदाताईंनी विचारलं.

"दिसलंच नाही, ताई."

बऱ्याच वेळानं कॉल आला. त्याआधी मी सर आणि मंदाताईंना म्हणाले, मला बसवा. दोघांनी बसवलं, पाय खाली सोडले. सर सवयीनं खुर्चीवर चढले, मग खाली उतरले आणि माझ्यासमोर साधेच उभे राहिले.

मयूचा चेहरा मातीनं माखलेला. "आई, आपण खाली गेलो. दुसऱ्या फळीत."

"पाहिलं गं."

"शेवटचा गोल माह्या बाजूनं नाही झाला आई. उजवीकडून झाला."

मंदाताई मधेच वाकल्या. "उजवीकडची कोणाची पोरगी हाय? तिच्या मायचा नंबर दे मले."

मयू रडता-रडता हसली. पुढचा करार कोणी देईल का, तिला ठाऊक नव्हतं. मला अजून किती महिने गोळ्या, मलाही नव्हतं. माझे डोळे भरले, आणि या वेळी मी ते लपवलं नाही.

मयू एकदम फोनच्या जवळ आली, अगदी जवळ, तिचं नाकच दिसायला लागलं.

"आई... हनुवटीवर आलं."

मी मान आणखी ताठ केली.

"बाबा, फोन मागं घ्या. पूर्ण दाखवा."

सर मागं सरकले, भिंतीला टेकेपर्यंत. मंदाताईंनी माझं तोंड पुसायला पदर पुढे केला.

"आत्या, पुसू नको," मयू ओरडली. "पाहू दे."